प्रज्योत विझविण्याची साधने
अलिबाग-श्रीवर्धनचा खारा वारा चिनीमातीच्या इन्सुलेटरांवर मिठाचा पांढुरका थर चढवितो आणि पहिल्या शिडकाव्याने तो ओला होताच त्यावरून ठिणगी सरकू लागते; अशा वेळी, किंवा 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळासारख्या आपत्तीत, प्रवाह तत्क्षणी तोडून संपर्कांमध्ये पेटलेली प्रज्योत (आर्क) विझविण्याची जबाबदारी सर्किट ब्रेकरवर येते. तेलाचा ब्रेकर स्वस्त, परंतु तेल काळवंडते आणि आगीचे भय सदैव राहते. दाबित हवेचा शीघ्र खरा, पण त्यास कॉम्प्रेसरचा लवाजमा लागतो आणि आवाज तोफेसारखा होतो. निर्वात ब्रेकरला निगा अत्यल्प, मात्र त्याचा अंमल मुख्यत्वे 33 केव्हीपर्यंतच. त्यावरच्या विद्युत दाबांना सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचाच ब्रेकर मला सर्वाधिक भरवशाचा वाटतो. तथापि तो वायू गळल्यास कार्बन डायऑक्साइडच्या 20,000 पटींहून अधिक उष्णता कोंडतो, म्हणून खाऱ्या हवेत गंजणाऱ्या ब्रेकरच्या जोडांची तपासणी पावसाळ्यापूर्वीच झाली पाहिजे.