पाळलेला सरडा आणि घरातले बाळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कॉलेजात जाणारा एक मुलगा बुटांचे खोके घेऊन दवाखान्यात आला. "डॉक्टरकाका, तुम्ही माणसांचे डॉक्टर, ठाऊक आहे. पण बघा तरी."

खोक्यात हिरवा इग्वाना होता. हा मध्य व दक्षिण अमेरिकेतला सरडा. हौस फिटल्यावर कुणीतरी टाकून दिलेला, याने दया येऊन घरी आणलेला. मागचे पाय सुजलेले व वाकडे, जबडा मऊ, बोटे थरथरणारी. मला मुडदूस झालेली मुले आठवली.

आजार त्याच जातीचा. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे अन्नातले कॅल्शियम अंगी लागते. ते कमी पडले की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात.

"पण काका, त्याची पेटी खिडकीपाशी उन्हातच असते."

खिडकी बंद, पेटीही काचेची! काचेतून ऊब येते, पण हे कामाचे किरण बहुतेक अडतात. त्यात खायला रोज पालक. पालकातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. मी त्याला पशुवैद्यकाकडे जायला सांगितले.

तो निघताना सहज विचारले, "घरात लहान मूल आहे का रे?"

"ताईचा मुलगा आहे, दीड वर्षाचा. कालपासून त्याला ताप आहे, जुलाबही होतायत."

मी बाळाला लगेच बोलावून घेतले. अंगातले पाणी कमी झाले होते, शौचात रक्त होते. सरड्याची पेटी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुतली जात होती. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला जंतू निघाले. सलाइन व औषधांनी बाळ चार-पाच दिवसांत सावरले.

सरडे, कासवे, साप यांच्या आतड्यांत हे जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसला तरी विष्ठेतून ते बाहेर पडतात. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी आली, ती मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे.

म्हणून वाचकहो, पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई किंवा फार वृद्ध माणूस घरात असेल तर असा प्राणी ठेवू नका. ठेवलाच असेल तर त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. पेटी स्वयंपाकघरापासून दूर ठेवा आणि तिथे कधीही धुऊ नका. मात्र प्राणी नदीकाठी सोडून देऊ नका. आपली घोरपड जखमी सापडली तर घरी न आणता वनखात्याला कळवा. ती पाळणे गुन्हा आहे.

तो इग्वाना आता मुलाच्या मावशीकडे आहे. तिथे लहान मूल नाही. पशुवैद्यकाने कॅल्शियम, खास दिवा आणि जास्वंदीची पाने सुरू केली. पाय वाकडे राहिले, पण तो पुन्हा फांदीवर चढतो. मुलाची दया खरी होती; तिला माहितीची जोड तेवढी हवी होती.