लिनक्स संगणकाची झोप : आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी डेस्कटॉप कागदोपत्री निवृत्त झाले. नाशिकच्या सिडको-इंदिरानगरमधलं घर असो, मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम करणाऱ्याचं टेबल असो, की सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपचं ऑफिस; अशा मशीनवर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं की ते पुन्हा कामाला लागतं. ब्राउझर चालतो, प्रिंटर बहुधा चालतो, मराठी टायपिंगही होतं. मग कुणीतरी मेनूतून ‘सस्पेंड’ निवडतं आणि तक्रारी सुरू होतात.

या तक्रारींवर सल्ल्यांची कमतरता नसते. पण बहुतेक सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात, की ‘झोपेचा प्रॉब्लेम’ एकच असतो. प्रत्यक्षात ते तीन आहेत. संगणक झोपतच नाही, हा पहिला. झोपतो पण टिकत नाही, लगेच उठतो, हा दुसरा. झोपतो, पण उठल्यावर कामाचा राहत नाही, हा तिसरा. तिघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की संध्याकाळ वाया जाते. खालचे गैरसमज वाचताना आपली तक्रार यातली कोणती, एवढं मनाशी पक्कं ठेवा.

गैरसमज १ : स्क्रीन काळी झाली म्हणजे संगणक झोपला.

वस्तुस्थिती : स्क्रीन बंद होणं ही फक्त मॉनिटरची विश्रांती. आत सगळं चालू असतं. खरं सस्पेंड झालं की चालू असलेलं काम रॅममध्ये राहतं आणि रॅम जागी ठेवण्यापुरती वीज सोडून जवळजवळ सगळं बंद होतं. पंखे थांबतात, बऱ्याच कॅबिनेटवर पॉवरचा दिवा लुकलुकतो. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि संगणक पूर्ण बंद होतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या एसीपीआय या मानकात या अवस्थांना क्रमांक आहेत : सस्पेंड म्हणजे एस३, हायबरनेट म्हणजे एस४, बंद म्हणजे एस५.

हा फरक वीजबिलातही दिसतो. रिकामा बसलेला डेस्कटॉप ५० वॉट खात असेल आणि रोज रात्री १० तास तसाच राहत असेल, तर महिन्याला १५ युनिट जातात. तोच एस३ मध्ये २ वॉटवर असेल, तर एक युनिटही पूर्ण होत नाही. म्हणून आधी पंख्याचा आवाज ऐका. पंखा फिरतोय आणि फक्त स्क्रीन काळी आहे, तर बहुधा संगणक झोपलेलाच नाही.

गैरसमज २ : ठरलेल्या वेळी आपोआप झोपत नाही, म्हणजे सेटिंग बिघडलं.

वस्तुस्थिती : सेटिंग बरोबर असतं, पण एखाद्या प्रोग्रॅमने ‘सध्या झोपू नको’ अशी विनंती नोंदवलेली असते. व्हिडिओ चालू असलेला ब्राउझर, सॉफ्टवेअर अपडेट, फाईल कॉपी करणारं ॲप, प्रेझेंटेशन. अशांना ही मुभा मुद्दाम दिलेली आहे, नाहीतर सिनेमा अर्ध्यात असताना संगणक झोपेल. कोण अडवतंय याची यादी टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-इनहिबिट’ ही आज्ञा ‘लिस्ट’ पर्यायासह दिली की समोर येते. तिथे नाव दिसलं की तो प्रोग्रॅम बंद करून बघा. यादीत काही नावं कायमची असतात, उदाहरणार्थ नेटवर्क मॅनेजर. ती झोप अडवत नाहीत, झोपेआधी आवराआवर करायला क्षणभर मागतात. त्यांच्यासमोर ‘डिले’ लिहिलेलं असतं. शोधायचं आहे ते ‘ब्लॉक’.

गैरसमज ३ : झोपवताच दोन सेकंदांत उठतो, म्हणजे व्हायरस किंवा मदरबोर्ड गेला.

वस्तुस्थिती : झोपलेल्या संगणकाला उठवण्याचा अधिकार काही उपकरणांना दिलेला असतो. कीबोर्ड, माऊस, नेटवर्क कार्ड, मदरबोर्डवरचे पीसीआय एक्सप्रेसचे पोर्ट ही त्यातली नेहमीची नावं. त्यातल्या एकानेही खोटा इशारा दिला की संगणक झोपता झोपता उठतो. गिगाबाइट कंपनीच्या एएमडी प्रोसेसरसाठीच्या अनेक मदरबोर्डवर ‘जीपीपी०’ नावाचं पोर्ट हाच उद्योग करतं, आणि हा किस्सा लिनक्स वापरणाऱ्यांना चांगलाच परिचित आहे.

‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘एसीपीआय’मध्ये ‘वेकअप’ नावाची फाईल असते. ती उघडली की प्रत्येक उपकरणासमोर ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ दिसतं. संशयित उपकरणाचं नाव रूट अधिकाराने त्याच फाईलमध्ये लिहिलं की त्याची परवानगी उलटते : चालूची बंद, बंदची चालू. एकेक नाव बंद करायचं आणि प्रत्येक वेळी सस्पेंड करून बघायचं. गुन्हेगार सापडला तरी काम संपत नाही, कारण रीस्टार्ट झाल्यावर हे बदल पुसले जातात. ते कायमचे करायला सुरुवातीलाच चालणारी छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहावी लागते.

सोपी शक्यता मात्र आधी तपासा. टेबल हललं की ऑप्टिकल माऊसला हालचाल दिसते आणि तो संगणक उठवतो. माऊस काढून एकदा झोपवून बघा. बायोसमधला ‘वेक ऑन लॅन’ हा पर्याय गरज नसेल तर बंद करा.

गैरसमज ४ : उठल्यावर स्क्रीन काळी, म्हणजे संगणक मेला, पॉवर बटण दाबून धरा.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा संगणक उठलेला असतो, फक्त चित्र येत नाही. कॅप्स लॉक दाबून दिवा बदलतो का बघा. बदलला, तर कर्नल जिवंत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरी पडदा येतो का तेही बघा. घरातल्या दुसऱ्या मशीनवरून याला पिंग करून उत्तर आलं, तर शंका जवळजवळ मिटते आणि संशय ग्राफिक्सकडे वळतो.

एनव्हिडियाचं कार्ड आणि कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असेल, तर कार्डाच्या मेमरीतलं चित्र झोपेत जपलं जात नाही, हे एक नेहमीचं कारण. त्यासाठी ड्रायव्हरसोबत ‘एनव्हिडिया-सस्पेंड’, ‘एनव्हिडिया-रिझ्यूम’ आणि ‘एनव्हिडिया-हायबरनेट’ या सर्व्हिस येतात आणि व्हिडिओ मेमरी जपण्याचा एक पर्याय असतो. सर्व्हिस आणि पर्याय दोन्ही चालू आहेत का, ते तपासा.

खरंच अडकला असेल, तरी बटण दाबून धरण्याआधी एक सभ्य वाट आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून ठेवायचं आणि थोड्या थोड्या अंतराने एस, यू, बी ही अक्षरं दाबायची. एसने राहिलेला मजकूर डिस्कवर लिहिला जातो, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने रीस्टार्ट होतं. उबंटूत या तीन गोष्टींना मुळातच परवानगी असते.

गैरसमज ५ : काल झोपवला, सकाळी नव्याने सुरू झाला, लिनक्सने काम खाल्लं.

वस्तुस्थिती : आधी रात्री लाईट गेली होती का ते शेजाऱ्याला विचारा. शहराच्या कुशीत एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे वीजनिर्मिती संच आहेत खरे, पण वळवाचा पहिला वारा सुटला की नाशिकच्या कुठल्या गल्लीत अंधार होईल, ते त्या संचांच्या हातात नसतं. एस३ मध्ये काम रॅममध्ये असतं आणि रॅमला अखंड वीज लागते. डेस्कटॉपला लॅपटॉपसारखी बॅटरी नाही. पुरवठा खंडित झाला की रॅम रिकामी होते, मग ऑपरेटिंग सिस्टिम कोणतीही असो. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर चालू हो’ असा पर्याय निवडलेला असेल, तर संगणक मध्यरात्री स्वतःहून सुरू होतो आणि ‘आपोआप उठतो’ ही तक्रार जन्माला येते.

इथे एक चकवा आहे. झोपेत वीज गेली तरी, आणि उठताना कर्नल अडकला तरी, लॉगमध्ये एकसारखंच दिसतं. ‘जर्नलसीटीएल’ने मागच्या सत्राचा कर्नल लॉग उघडला तर ‘सस्पेंड एन्ट्री’ ही ओळ शेवटी असते आणि तिची जोडीदार ‘सस्पेंड एक्झिट’ कुठेच नसते. म्हणून ड्रायव्हर बदलण्याआधी विजेचा प्रश्न निकाली काढावा.

यूपीएस असेल तर झोपलेला संगणक त्यावर बराच वेळ टिकतो, कारण भार नगण्य असतो. काही यूपीएस मात्र भार फारच कमी दिसला की स्वतःच बंद होतात. आपला तसा नाही ना, हे दिवसा प्लग काढून तपासून घ्या. सगळ्यात भक्कम उपाय हायब्रिड स्लीपचा. त्यात संगणक आधी काम डिस्कवर लिहितो आणि मग एस३ मध्ये जातो. वीज राहिली तर पटकन उठतो, गेली तर डिस्कवरून काम परत आणतो. वारंवार लाईट जाणाऱ्या भागात डेस्कटॉपसाठी हीच झोप योग्य. तिला हायबरनेटची तयारी मात्र लागते.

गैरसमज ६ : हायबरनेटचं बटण नाही, म्हणजे लिनक्सला ते येत नाही.

वस्तुस्थिती : येतं, पण तयारीशिवाय नाही. उबंटूने २०१२ च्या १२.०४ आवृत्तीपासून हा पर्याय मेनूतून काढला, कारण सगळ्या यंत्रांवर तो भरवशाचा नव्हता. हायबरनेटला रॅममधला मजकूर मावेल एवढी स्वॅप जागा डिस्कवर हवी. उबंटू १७.०४ पासून स्वॅपचं वेगळं पार्टिशन न करता फाईल बनवतं आणि ती बहुधा रॅमपेक्षा लहान असते. ती वाढवायची आणि ‘कुठून वाचून उठायचं’ हे कर्नलला ‘रिझ्यूम’ पॅरामीटरने सांगायचं. फेडोरा ३३ पासून स्वॅपसाठी झेडरॅम वापरतं, म्हणजे स्वॅप खुद्द रॅममध्येच. त्यावर हायबरनेट होणं शक्यच नाही. शिवाय सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक डिस्ट्रोंमध्ये कर्नल स्वतःच हायबरनेट रोखतं. हे सुरक्षेसाठी आहे, बिघाड नव्हे.

गैरसमज ७ : कर्नलला ‘डीप’ची ओळ जोडली की सगळं सुटतं.

वस्तुस्थिती : हा इंटरनेटवरचा सगळ्यात लाडका उपाय. ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ फोल्डरात ‘मेम-स्लीप’ फाईल आहे. तिच्यात या यंत्राला उपलब्ध असलेल्या झोपा लिहिलेल्या असतात आणि निवडलेलीभोवती चौकोनी कंस असतो. ‘डीप’ म्हणजे एस३. ‘एस२आयडल’ म्हणजे हलकी झोप, जिच्यात प्रोसेसर फक्त शांत बसतो आणि डेस्कटॉपचे पंखे चालूही राहू शकतात. यादीत दोन्ही असतील आणि कंस एस२आयडलभोवती असेल, तर ती ओळ उपयोगी आहे. यादीत ‘डीप’ नसेलच, तर तुमच्या फर्मवेअरने एस३ दिलेली नाही आणि कर्नलच्या ओळीने ती निर्माण होत नाही. बायोसमध्ये एस३ चा पर्याय आहे का, तेवढं पाहावं.

गैरसमज ८ : डिस्ट्रो बदला, नाहीतर फॉरमॅट मारा.

वस्तुस्थिती : झोपेचं काम वॉलपेपर आणि मेनू करत नाहीत. ते कर्नल, ड्रायव्हर आणि मदरबोर्डचं फर्मवेअर मिळून करतात. उबंटूवरून मिंटवर गेलात आणि कर्नल जवळपास तोच राहिला, तर तक्रारही सोबत येते. अपडेटनंतर झोप बिघडली असेल, तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं कर्नल निवडा. त्यावर झोप नीट लागली, तर दोषी सापडला. यंत्र नवं असेल तर उलट करा : नवं कर्नल असलेली लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता, सस्पेंड करून बघा. मदरबोर्डचं बायोस अपडेटही शोधा, पण ते भरवशाच्या यूपीएसवर आणि लाईट असतानाच करा.

कर्नलमध्ये याच कामासाठी चाचणीची सोयही आहे. ‘सिस’मधल्या त्याच ‘पॉवर’ फोल्डरात ‘पीएम-टेस्ट’ नावाची फाईल असते. तिच्यात ‘फ्रीझर’, ‘डिव्हायसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’ आणि ‘कोअर’ अशा पायऱ्या आहेत. एक निवडून सस्पेंड केलं की संगणक त्या पायरीपर्यंतच जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. ‘फ्रीझर’ पास आणि ‘डिव्हायसेस’ नापास झाली, तर दोष कुठल्यातरी ड्रायव्हरचा. पाचही पास झाल्या आणि खऱ्या झोपेतून मात्र उठला नाही, तर फर्मवेअरकडे बघा. काम झालं की फाईलमध्ये ‘नन’ लिहायला विसरू नका.

याला जोड ‘आरटीसीवेक’ या आज्ञेची. तिला ‘मेम’ ही झोप आणि ६० सेकंद सांगितले की संगणक झोपतो आणि मिनिटभराने घड्याळाच्या इशाऱ्यावर उठतो. असा उठला, पण कीबोर्डने उठत नसेल, तर उठण्याची यंत्रणा ठणठणीत आहे. फक्त कीबोर्डला उठवण्याची परवानगी नाही. ती देईपर्यंत पॉवर बटण एकदाच, हलकेच दाबून उठवा.

मदत मागायला जाल, तेव्हाही हाच क्रम उपयोगी पडतो. ‘सस्पेंड चालत नाही’ एवढंच सांगितलं तर समोरचा अंदाजच बांधणार. त्याऐवजी तिघांपैकी तक्रार कोणती, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं, कर्नलची आवृत्ती काय, ‘मेम-स्लीप’मध्ये काय लिहिलंय आणि त्या रात्री लाईट गेली होती का, ही पाच उत्तरं बरोबर न्या. निम्मं निदान त्यातच झालेलं असतं, आणि फॉरमॅट मारण्याची वेळ क्वचितच येते.