कुर्डी : मे महिन्यात वर येणारं गाव

गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावातलं गाव शोधायला निघालात, तर वर्षाचे दहा-अकरा महिने तिथं नुसतं पाणी दिसतं. दक्षिण गोव्यात, सांगे तालुक्यात, साळावली नदीकाठी हे गाव होतं. 1986 साली ते धरणाच्या जलाशयात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, मे महिन्यात गाव उघडं पडतं आणि पावसाळा लागला की पुन्हा पाण्याखाली जातं.

गाव का बुडालं

साळावली ही जुवारीची उपनदी. तिच्या काठची माती कसदार, त्यामुळे कुर्डीत भातशेती होती, माड होते, काजू, आंबे, फणस होते. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी मिश्र वस्ती होती. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि पुढे या नदीवर धरण बांधायचं ठरलं. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि या पाण्यानं साऱ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल, असं त्यांनी लोकांना समजावलं. सहाशेहून अधिक कुटुंबं वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत हलली.

मडगावच्या नळांना आज साळावलीचंच पाणी येतं. पण ज्यांनी त्यासाठी घरदार सोडलं, त्यांच्याच नव्या वस्तीतल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये आटून टँकरची वाट बघायची पाळी आली. हे मला अजून पचत नाही.

काय दिसतं

अखंड उभं घर शोधू नका. दिसतात ती जोती. जांभ्याचे चिरे एकाला एक लावून केलेले चौकोन, कुठं दोन पायऱ्या, कुठं गुडघाभर भिंत. चिऱ्यांच्या मधली माती पाण्यानं धुऊन नेलेली असते, म्हणून प्रत्येक चिरा सुटा दिसतो, तरी जागा सोडत नाही. मधूनमधून झाडांचे काळे पडलेले खुंट, शेताला पाणी नेणारे पाट, फुटकी भांडी. भोवतालचा गाळ वाळून तडकलेला असतो.

थोडा वेळ एका जागी उभं राहिलं की घर उलगडायला लागतं. पायऱ्यांवरून अंगण कळतं, आडव्या भिंतीवरून खोल्या कळतात. पाट जिकडे जातो तिकडे शेतं असणार. मला स्वतःला देवळापेक्षा हे पाट जास्त वेळ थांबवतात. गावानं पाणी किती निगुतीनं वाटून घेतलं होतं, ते त्यांच्यात दिसतं.

देवळं आणि चॅपल

कुर्डीचं कदंबकालीन महादेव मंदिर बुडू दिलं नाही. ते दगड दगड सुटा करून सुमारे 17 किलोमीटरवर, धरणाजवळ पुन्हा उभारलं. आज तिथं गेलात तर देऊळ बघताना त्याचं मूळ गाव पाण्याखाली आहे हे लक्षात असू द्या. नाहीतर ते बागेतलं एक जुनं बांधकाम वाटतं.

सोमेश्वराचं देऊळ मात्र जागेवरच राहिलं. पाणी ओसरलं की कुर्डीकर मे महिन्यात तिथं उत्सवाला जमतात, आणि ख्रिस्ती कुटुंबं आपल्या चॅपलच्या फेस्ताला येतात. गाव पाहायचं तर याच दिवसांत पाहावं, कारण तेव्हा नुसत्या दगडांत माणसं असतात.

मोगूबाईंचं गाव

मोगूबाईंचा जन्म 1904 सालचा, इथलाच. लहानपणीच त्या आईबरोबर गावाबाहेर पडल्या, नाटक मंडळीत गेल्या आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकून जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका झाल्या. 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. किशोरी आमोणकर त्यांची कन्या. 2001 साली मोगूबाई गेल्या, म्हणजे गाव बुडाल्यानंतर त्या पंधरा वर्षं कुर्डीकर म्हणून जगल्या. त्यांच्या घराची म्हणून एक जागा तिथं दाखवतात. उभं असं फार काही नाही, तरी गाणं ऐकणाऱ्या माणसाचे पाय तिथं रेंगाळतात.

जाताना

मडगावहून केपे, सांगे आणि तिथून पुढे असा रस्ता. पाणी किती उतरलंय हे दर वर्षी वेगळं असतं, म्हणून सांग्यात विचारूनच पुढे जा. सावली जवळपास नाही. सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोपी बरोबर घ्या. पाण्याच्या कडेचा गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असतो, पाय रुततो. गाडीही त्यावर घालू नका. चिरा, खापर, काहीही उचलून आणू नका.

आणि जोत्यावर चढून फोटो काढण्याआधी आसपास कुणी जुनं माणूस आहे का बघा. असेल तर विचारा. कुणाची ओसरी कुठं, चूल कुठं, देवघर कुठं, हे जागेवर उभं राहून सांगणारी माणसं अजून आहेत. ज्या दगडावर तुम्ही बूट घालून उभे राहणार होतात, तो उंबरा निघतो.