गिटारचा आवाज आणि विहिरींतली टाळी

गतवर्षीं नाताळच्या गीतांचें ध्वनिमुद्रण आपणच करावें अशी इच्छा आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस झाली. विजेवर वाजणारी गिटार होती, संगणक होता. मोठा ॲम्प्लिफायर व त्याची स्पीकरची पेटी मात्र नव्हती. अशा वेळीं पेटीचें काम संगणकाकडून करून घेण्याची एक युक्ति आहे. पेटीचा 'इम्पल्स रिस्पॉन्स', म्हणजे आवेग-प्रतिसाद, एका लहानशा फाइलींत साठविलेला असतो; ती फाइल वाचून गिटारच्या आवाजावर तिचा संस्कार करणाऱ्या प्रोग्रॅमास 'लोडर' म्हणतात. लोडर फुकट मिळतात, तसे विकतही मिळतात. एका मुलाचे वडील धान विकून आले ते थेट आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, पोरगा म्हणते का इकतचा लोडर घेतला तं आवाज चांगला येते. घेऊ का?" आम्हीं दोन्ही लोडर ऐकले होते, आणि विकतचा अधिक भरीव वाटला होता. "घ्या," असें आम्हीं सांगून टाकलें.

तें उत्तर चुकीचें होतें. सुदैवानें खरेदी होण्यापूर्वीं चूक उमगली. इतर घरींही हाच प्रश्न निघत असल्यामुळें ती येथें उघड मांडीत आहों.

गांवांतील एखाद्या खोल विहिरीच्या कांठीं उभें राहून एक टाळी वाजवावी. टाळी क्षणांत संपते. मागून जें परत येतें ती टाळी नव्हे, तें विहिरीचें उत्तर होय. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, बांधकामाचे दगड, हें सारें त्या उत्तरांत उमटलेलें असतें. विजापूरचा गोल घुमट म्हणजे इ. स. १६५६ मध्यें वारलेल्या महंमद आदिलशहाची कबर. तेथील सज्ज्यांत वाजविलेली एक टाळी अनेक वेळां परत येते, हें सहलीस जाऊन आलेल्यांस ठाऊकच आहे. स्पीकरची पेटीही अशीच उत्तर देते. भेद इतकाच कीं तिचें उत्तर सेकंदाच्या अगदीं अल्प भागांत आटोपतें. म्हणून तें घुमणें म्हणून ऐकूं न येतां आवाजाची जात म्हणून ऐकूं येतें.

संगणक एका सेकंदांत ध्वनीचे बहुधा ४८,००० नमुने घेतो. प्रत्येक नमुना ही एक बारीकशी टाळीच समजावी. पेटीचें उत्तर त्या टाळीच्या जोराप्रमाणें लहानमोठें करावें, ज्याच्या त्याच्या जागीं मांडावें, आणि सर्वांची बेरीज घ्यावी, कीं पेटींतून निघालेला आवाज तयार झाला. उत्तर सेकंदाच्या पांचव्या भागाएवढें लांब धरलें तर त्याचे ९,६०० नमुने होतात, व एका सेकंदाच्या वादनास ४६ कोटि ८ लक्ष गुणाकार पडतात! कूली व टुकी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीमुळें हें ओझें पुष्कळ हलकें झालें. पुढें १९९५ सालीं विल्यम गार्डनर यांनीं उत्तराचे लहानमोठे तुकडे पाडून वादकास क्षणभरही थांबावें लागणार नाहीं अशी तजवीज दाखविली, आणि १९९९ मध्यें असें काम तत्काळ करणारें सोनी कंपनीचें यंत्र बाजारांत आलें. आज तेंच काम साधा संगणक करतो.

येथेंच मुख्य मुद्दा आहे. हें सारें काम गुणाकार व बेरीज यांपलीकडे कांहीं नाहीं. बारा साती चौऱ्यायशीं गोंडपिपरीसही होतात व लंडनमध्येंही तितकेच होतात. फाइल तीच असेल, व हिशेब सरळ असेल, तर फुकटच्या लोडरानें व विकतच्या लोडरानें एकच उत्तर दिलें पाहिजे.

मग आम्हांस फरक ऐकूं आला तो कसा? विकतचा लोडर आवाज किंचित मोठा करून देत होता, एवढेंच. तीच वस्तु थोडी मोठ्यानें ऐकविली कीं कानास ती अधिक भरीव व स्वच्छ भासते. आमचा कान फसला, आणि आम्हीं मात्र दुसऱ्याच्या धानाचे पैसे खर्च करण्याचा सल्ला दिला.

खरे फरकही पडतात, पण त्यांचीं कारणें निराळीं असतात. कांहीं उपकरणें, विशेषतः पायानें दाबावयाचीं, उत्तराचे पहिले १,०२४ नमुनेच ठेवतात व बाकीचे कापून टाकतात. ४८,००० च्या हिशेबानें हे सुमारें २१ मिलिसेकंद झाले. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कंप पावते. म्हणजे एवढ्या अवधींत तिचीं पुरतीं दोन कंपनेंही बसत नाहींत. म्हणून कापल्याचा परिणाम झाला तर तो आधीं खर्जाच्या स्वरांत जाणवतो. दुसरी गफलत नमुन्यांच्या गतीची. ४४,१०० नें घेतलेली फाइल लोडरानें रूपांतर न करतां ४८,००० नें वाजविली तर पेटीचे सारे गुण जवळजवळ दीड अर्धस्वर वर सरकतात. गिटार बेसूर होत नाहीं, पण पेटी आकसल्यासारखी वाटते. चांगला लोडर हें रूपांतर आपण होऊन करतो. शिवाय टू नोट्स यांच्या 'वॉल ऑफ साउंड' सारख्या प्रोग्रॅमांत मायक्रोफोन हालविण्याची व आणखीही सोय असते. ती हवी असल्यास तिचे पैसे द्यावे, परंतु तो लोडराच्या आवाजाचा गुण म्हणूं नये.

परीक्षा सोपी आहे. आम्हीं गिटारची एकच ओळ मुद्रित केली. ती इग्नाइट ॲम्प्स यांच्या 'नाडिर' या फुकट लोडरांतून व त्या विकतच्या लोडरांतून त्याच फाइलीनिशीं काढली, दोहोंची पातळी सारखी केली, एक आवाज उलटा केला (जेथें वर तेथें खालीं), आणि दोन्ही एकत्र मिळविले. सारखे असतील तर एकमेकांस खाऊन टाकतील. प्रथम बारीक खरखर राहिली, तेव्हां विकतच्या लोडराचे चाहते हर्षले; पण पाहतां एक आवाज कांहीं नमुने मागें पडला होता. तो जुळवून घेतला, आणि शांतता झाली. पाठ फिरवून बसलेल्या मुलांसही मग कोणता कोणता हें सांगतां येईना.

फरक पाहावयाचा तर फाइलींत पाहावा. फाइलींच्या नांवांत 'व्हिंटेज ३०' व 'एसएम ५७' असें वारंवार येतें. पहिला सेलेस्टियनचा १९८६ चा स्पीकर, दुसरा शुअर कंपनीचा १९६५ चा मायक्रोफोन. तोच स्पीकर, तोच मायक्रोफोन, परंतु तो मध्यावरून दोन बोटें कडेला सरकविला कीं आवाजाचा कर्कशपणा उतरतो. एवढा फरक आम्हांस कोणत्याही दोन लोडरांत आढळला नाहीं. आणखी एक ध्यानांत ठेवावें कीं ॲम्प्लिफायरनें मुद्दाम फाडलेला आवाज या उत्तरांत साठवितां येत नाहीं. तो आधीं फाडावा, मग लोडरांतून न्यावा. आमच्या मुलांनीं क्रम उलटा केला होता, तेव्हां खोलींत आग्या मोहळ उठल्याचा भास झाला.

त्या गृहस्थांस आम्हीं हें सर्व सांगितलें व आपला सल्ला परत घेतला. ते हंसले, आणि गिटारच्या गंजलेल्या तारा तेवढ्या नव्या आणून दिल्या. त्यांनीं पडलेला फरक मात्र पाठ फिरवून बसलेल्यांसही कळला.

त्याच लोडरांत एखाद्या इमारतीचें उत्तरही भरतां येतें. येत्या सत्रांत शाळेच्या सभागृहांत फुगा फोडून तिचें उत्तर टिपून घेण्याचा आमचा विचार आहे. फुगा फोडण्याचें काम ज्यांस हवें असेल त्यांनीं आमच्याकडे नांव द्यावें. शांत बसण्याच्या कामास अद्याप कोणी पुढें आलेलें नाहीं.