घरच्या सर्व्हरचे दार उघडत नाही तेव्हा

घरातला विंडोज संगणक परगावाहून चालवायचा, तर त्याचे रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडणे सोपे असते, पण फार धोक्याचे. ते ३३८९ या पोर्टवर चालते आणि राउटरमध्ये हे पोर्ट मोकळे केले की जगभरातून पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम तिथे धडकू लागतात. जुन्या विंडोजमधली ‘ब्लूकीप’ ही त्रुटी मे २०१९मध्ये उघड झाली. तिच्यातून आत शिरायला पासवर्डही लागत नव्हता.

म्हणून मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी ठेवतात. वाड्याच्या देवडीवरच्या माणसासारखी ती बाहेरच्याचे म्हणणे आत पोचवते आणि उत्तर आणून देते. आतल्या खोल्या पाहुण्याला दिसत नाहीत. २००४मध्ये इगोर सिसोएव्ह यांनी खुला केलेला एंजिनएक्स हे काम करतो. घरातल्या सर्व्हरवर त्याच्यामागे अपाचे ग्वाकामोले हा रिमोट डेस्कटॉप ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्राम बसवला, की पुण्यात नोकरी करणाऱ्याला अमळनेरच्या घरातला संगणक साध्या ब्राउझरमध्ये चालवता येतो. मात्र त्या संगणकावर विंडोजची ‘होम’ आवृत्ती असेल तर हे जमत नाही. रिमोट डेस्कटॉपने आत घेण्याची सोय तिच्यात नसते.

अमळनेरला वीज जाऊन आली आणि पुण्याहून काहीच उघडेना, तर आधी त्रुटीचा संदेश नीट वाचावा. निम्मे निदान त्यातच असते. ‘५०२’ दिसला तर डोमेन, राउटर आणि प्रॉक्सी ठीक आहेत. प्रॉक्सीच्या मागचा प्रोग्राम बंद आहे किंवा त्याचा पत्ता बदलला आहे. वीज आल्यावर राउटर कधीकधी घरातल्या यंत्रांना नवे पत्ते वाटतो आणि प्रॉक्सी जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहते. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की हा त्रास संपतो. ‘५०४’ म्हणजे मागच्या प्रोग्रामने वेळेत उत्तर दिले नाही. प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारे डॉकर वापरणाऱ्यांची हमखास चूक वेगळीच: ते प्रॉक्सीला मागचा पत्ता १२७.०.०.१ असा देतात, पण कंटेनरच्या आत त्याचा अर्थ तो कंटेनरच, सर्व्हर नव्हे.

पानच उघडत नसेल तर दोष बाहेरच्या बाजूला शोधावा. राउटरला नवा सार्वजनिक पत्ता मिळाला असेल आणि डोमेन जुन्याकडेच बोट दाखवत असेल. त्याहून चिवट अडचण सामायिक पत्त्याची. राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे, आणि पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरून कोणी पोचणार नाही. तेव्हा कंपनीकडून स्वतंत्र पत्ता घ्यावा, आयपीव्ही६ वापरावे किंवा भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढावा. बाहेरून पान उघडते का, ही तपासणी घरच्या वायफायवरून करू नये. काही राउटर घरातून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत, त्यामुळे चालू असलेली यंत्रणाही बंद वाटते. मोबाइल डेटावरून पाहावे.

लॉगिन होते, पण पडदा अडखळतो, हा प्रकार सर्वांत फसवा. ग्वाकामोलेला वेबसॉकेटची सलग जोडणी हवी असते. त्यासाठी एंजिनएक्समध्ये एचटीटीपी १.१ ठरवून ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ ही हेडर पुढे पाठवावी लागतात. ती नसली तर ग्वाकामोले साध्या एचटीटीपीवर काम भागवते. त्यात बफरिंग चालू असेल तर चित्र साचून साचून येते. बफरिंग बंदच ठेवावे.

लॉगिननंतर जोडणीच नाकारली गेली, तर ग्वाकामोलेच्या ‘ग्वाकडी’ या सेवेचा लॉग पाहावा. पुष्कळदा विंडोजने स्वतःच बनवलेले प्रमाणपत्र तिला मान्य नसते. घरच्या जाळ्यापुरती त्याची तपासणी वगळण्याची सोय जोडणीच्या सेटिंगमध्ये असते.