तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सातून शाळा चालत नाही

बेंगळुरूतल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. घरकामाच्या ताई सांगतात, मुलाच्या सरकारी शाळेत यंदा गणिताला शिक्षकच नाही. की लगेच सोफ्यावरून निकाल लागतो, "एवढा प्रॉपर्टी टॅक्स घेतात, करतात काय त्याचं? सगळा खड्ड्यांत आणि कॉन्ट्रॅक्टरच्या घशात. शाळेला उरणार कुठून!" मग सोसायटीच्या ग्रुपवर वॉर्डच्या इंजिनियरचा नंबर फिरतो आणि दोघं-चौघं त्याला झापतात. तो बिचारा गटारं आणि पदपथ बघणारा माणूस. गणिताच्या शिक्षकाचं तो काय करणार?

खड्ड्यांबद्दल आणि कॉन्ट्रॅक्टरांबद्दल माझं काही म्हणणं नाही, हवं तितकं बोला. पण शाळेपुरतं हे बोलणं साफ चूक आहे. चूक लहान असती तर सोडून दिली असती. ती लहान नाही, कारण तिच्यामुळे तक्रार दरवेळी भलत्याच दारात जाते आणि ज्याचं काम आहे तो निवांत राहतो.

पुरावा तुमच्याच कपाटात आहे. बीबीएमपीच्या, म्हणजे जुन्या बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या, काळातली प्रॉपर्टी टॅक्सची एखादी पावती काढा. मूळ करावर जे उपकर लागत, त्यातले जुने तीन मिळून २४ टक्के: आरोग्य १५, ग्रंथालय ६ आणि भिक्षुक निवारण ३. शिक्षण कुठे आहे? नाही. आरोग्य आहे, वाचनालय आहे, भिकाऱ्यांसाठीही आहे. शाळेसाठी वेगळा पैसासुद्धा नाही. बरं, जे आहे त्याचं तरी काय होतं? ग्रंथालय उपकर गोळा करून तो ग्रंथालय खात्याकडे न भरल्याची पालिकेची थकबाकी शेकडो कोटींत गेली होती. चिडायचंच असेल तर इथे चिडा. हे पैसे खरोखर तुमचे होते आणि ते जिथे जायला हवे होते तिथे वेळेवर गेले नाहीत.

मग शाळा कोण चालवतं? बेंगळुरूतल्या बहुतेक सरकारी शाळा पालिकेच्या नाहीतच. त्या कर्नाटक सरकारच्या शालेय शिक्षण खात्याच्या आहेत. शिक्षकाची नेमणूक आणि बदली खातं करतं, पगार आणि पेन्शन राज्याच्या तिजोरीतून जातं. तालुका पातळीवर त्यांचा साहेब म्हणजे बीईओ, गटशिक्षणाधिकारी. त्याच्यावर जिल्ह्याचे उपसंचालक. या साखळीत कॉर्पोरेटर, आयुक्त किंवा वॉर्ड इंजिनियर कुठेही येत नाही. शहराबाहेर आनेकल किंवा देवनहळ्ळीला गेलात तरी तेच. तिथली पुरसभे, म्हणजे आपल्याकडची नगरपरिषद, पाणी सोडते आणि कचरा उचलते. मास्तर नेमत नाही आणि त्याचा पगारही करत नाही. तेव्हा 'पुरसभेने बस स्टँडवर खर्च केला म्हणून शाळेला पैसे उरले नाहीत' हा तिथल्या चहाच्या टपरीवरचा सिद्धान्तही बाद.

कुणाला वाटेल हा कर्नाटकाचा काही खास कारभार असावा. तसं नाही, मुळात राज्यघटनेतच अशी मांडणी आहे. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामपंचायती-जिल्हा परिषदांसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यातल्या २९ विषयांत 'प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने शहरांसाठी बारावी अनुसूची आली, विषय १८. तिच्यात रस्ते आहेत, पूल आहेत, झोपडपट्टी सुधारणा आहे, स्मशानं आहेत, कत्तलखानेसुद्धा आहेत. शिक्षणाबद्दल मात्र सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन द्यावं एवढंच म्हटलंय. त्यात शाळेचं नाव नाही. कत्तलखाना पालिकेचा आणि शाळा कुणाची ते गुलदस्त्यात! ज्यांना शंका असेल त्यांनी दोन्ही अनुसूच्या शेजारी ठेवून वाचाव्यात, दहा मिनिटांचं काम आहे.

इथे एक पुस्ती जोडायला हवी, नाहीतर कुणीतरी बरोबर बोट ठेवेल. पालिकेच्या स्वतःच्या काही शाळा आणि कॉलेजं आहेतच: क्लीव्हलँड टाउन, श्रीरामपुरम अशा जुन्या वस्त्यांमध्ये, बालवाड्या धरून दीडशेच्या आसपास. त्यांचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकातून होतो आणि तिथे कंत्राटी शिक्षकांवर भिस्त ठेवल्याबद्दल पालिकेला जाब विचारलाच पाहिजे. पण विचारायचा कुणामार्फत? निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षं अंदाजपत्रकं प्रशासकांनीच मांडली. २०२५-२६ चं अंदाजपत्रक १९,९२७ कोटींचं होतं आणि त्यावर मत द्यायला सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. २ सप्टेंबर २०२५ पासून बीबीएमपी जाऊन एकाच्या जागी पाच पालिका आल्या. तेव्हा हल्ली ग्रुपवर दिसणारं 'पाच पालिका झाल्या, आता शाळांचे पैसेही पाच ठिकाणी वाटले जाणार' हे भाकीतही त्या दीडशे संस्थांपुरतंच. बाकीच्या शाळांच्या शिक्षकांचा पगार काल राज्य करत होतं, आजही तेच करतं.

हा गैरसमज येतो कुठून याचा मी बराच विचार केला. बेंगळुरूच्या मराठी माणसाच्या डोक्यात तो दोन वाटांनी शिरतो असं मला वाटतं. पहिली वाट मुंबईची. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलावर महापालिका शिक्षण उपकर असतो, राज्य शिक्षण उपकर असतो. प्राथमिक शिक्षण हे मुंबई महापालिकेचं कायद्याने बंधनकारक कर्तव्य आहे आणि शिक्षण विभागाचं अंदाजपत्रक वेगळं मांडलं जातं. दादरचा माणूस बदली होऊन जयनगरला आला की तेच चित्र इथे टांगतो. महाराष्ट्रातसुद्धा ते सगळीकडे लागू नाही बरं का. 'जि. प. शाळा' अशी पाटी असली तरी गुरुजींचा पगार शालार्थ प्रणालीतून, म्हणजे राज्याच्या पैशातून होतो. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड त्यापुढे किरकोळ.

दुसरी वाट अमेरिकेची, आणि सर्जापूर रोडवर तीच जास्त वाहती. आठ-दहा वर्षं तिकडे राहून आलेल्यांना तिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट माहीत असतं. तिथे शाळांचा साधारण ४५ टक्के पैसा स्थानिक पातळीवरून येतो आणि त्यात मोठा वाटा मालमत्ता कराचा. काही राज्यांत गावकरी शाळेच्या अंदाजपत्रकावर चक्क मतदान करतात; नामंजूर झालं तर संगीताचा तास जातो, नाहीतर बस बंद होते. 'लोकल' माणसाने 'लोकल' कर भरला आणि त्यातून 'लोकल' शाळा चालली, हे गणित तिथलं. त्यातही गंमत अशी की आपली बरीच मंडळी ज्या कॅलिफोर्नियातून परत येतात, तिथे १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधला. तेव्हापासून तिथेही शाळांचा मोठा भार राज्यानेच उचलला आहे. म्हणजे जे उदाहरण द्यायचं तेही धड नाही.

मग तूट पडते कुठे? कर्नाटकाच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शिक्षणाला ४५,२८६ कोटी रुपये होते. आकडा ऐकून छाती दडपते. पण शिक्षण खात्याचा मोठा पैसा पगार आणि पेन्शनमध्ये जातो. पैसा वाचवायचा झाला तर सगळ्यात सोपी जागा म्हणजे निवृत्त झालेल्या शिक्षकाचं पद न भरणं. पद मंजूर असतं आणि कागदावर जिवंत असतं, वर्गात खुर्ची रिकामी असते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं की शाळेतल्या मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवता येणार नाहीत. ज्या शाळेत पाच शिक्षक मंजूर आहेत तिथे एक जागा रिकामी राहिली की वीस टक्के झाले, कायदा तिथेच मोडला. ही भोकं अतिथी शिक्षकांनी बुजवली जातात. २०२५ मध्ये दोन हजारांची वाढ मिळाल्यावर प्राथमिकच्या अतिथी शिक्षकाचं मानधन महिना १२,००० रुपये झालं. याच शहरात चांगला स्वयंपाकी किंवा ड्रायव्हर तेवढ्यावर मिळत नाही. ताईंच्या मुलाला गणित का शिकवलं जात नाही याचं उत्तर इथे आहे. रस्त्याच्या डांबरात ते नाही.

वरखर्चाचं दुखणं वेगळं. फडा, फिनेल, खडू, नळाची तोटी, विजेचं बिल. यासाठी समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं आणि हजाराच्या वर पट असलेल्या शाळेलाही कमाल मर्यादा एक लाख. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. लहान शाळेला पंचवीस हजार मिळाले तर महिन्याला दोन हजार ऐंशी-पंच्याऐंशी रुपये पडतात. त्यात तोटी बदलली की फिनेल राहतं. राज्याचा ताळेबंद कसा आहे ते ऑक्टोबर २०२२ मध्ये उघड्यावर आलं. कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने परिपत्रक काढलं की शाळा विकास समित्यांनी पालकांकडून दरमहा शंभर रुपये देणगी घ्यावी, ऐच्छिक म्हणून. आणि ती पाणी, वीज, सफाई, अतिथी शिक्षक यांसाठी वापरावी. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू होऊन बारा वर्षं झाली होती! गदारोळ झाला आणि काही दिवसांतच परिपत्रक मागे घेतलं गेलं. पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर २०२३ च्या राज्योत्सवात, मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सरकारी शाळांना वीज आणि पाणी मोफत देण्याची घोषणा केली. बिल कोण भरणार हा प्रश्न राज्यानेच निर्माण केला आणि राज्यानेच सोडवला. पालिका दोन्ही वेळा चित्रात नव्हती.

आता बाकीचे किरकोळ गैरसमज भराभर उरकतो.

'इन्कम टॅक्सवर चार टक्के सेस देतो, तो तर शाळेलाच जातो ना?' तो आरोग्य आणि शिक्षण असा एकत्र सेस आहे, केंद्राकडे जातो आणि उपकर असल्याने वित्त आयोगाच्या वाटपात राज्यांना त्यातला हिस्सा मिळत नाही. आणि पैसा ठरलेल्या कामीच लागतो म्हणाल तर कॅगचा अहवाल बघा: माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी २००६-०७ ते २०१६-१७ या काळात गोळा झालेले ८३,४९७ कोटी रुपये त्यांच्यासाठीच्या निधीत गेलेच नव्हते.

'दुपारचं जेवण तरी पालिका देते.' नाही. केंद्र आणि राज्य मिळून देतात. बेंगळुरूत शिजवण्याचं मोठं काम अक्षय पात्र करतं. आठवड्यातून सहा दिवस अंडं, नाहीतर केळं मिळतं ते अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशामुळे. महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचे पैसे बंद करून शाळांना लोकवर्गणी काढायला सांगितलं, म्हणून नाक वर करायला आपल्याला फारशी जागा नाही.

'खासगी शाळेत २५ टक्के जागा मोफत असतात, मग सरकारी शाळा हव्यात कशाला?' त्या जागांची फी सरकारच भरतं. शिवाय कर्नाटकाने २०१९ मध्ये नियम बदलला आणि जवळपास सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेवरचं ते बंधन उठलं.

'कमी पटाची शाळा बंद केली की पैसे वाचतात.' कायम शिक्षकाचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं आणि पगार चालूच राहतो. वाचतं ते फडा-फिनेल.

'बेळगावच्या मराठी शाळा महाराष्ट्राच्या पैशावर चालतात.' हे तर मी पुण्यातल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. सरकारी मराठी शाळांचे शिक्षक कर्नाटकाच्या पगारावर आहेत आणि मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकंही कर्नाटकच छापतं. त्यांच्या तक्रारी आहेत, खऱ्या आहेत, पण पैशाचा मालक कोण याबद्दल गोंधळ नको.

तर ग्रुपवर इंजिनियरचा नंबर टाकण्याऐवजी ताईंना एक माहिती द्या. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा विकास आणि देखरेख समिती असते, इथे सगळे तिला एसडीएमसी म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार अशा समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा ती बनवते आणि सरकारने द्यायच्या अनुदानाचा आधार तो आराखडाच मानायचा असतो. गणिताचं रिकामं पद त्यात लिहून घ्यायचं, बैठकीच्या इतिवृत्तात नोंद करायची आणि त्याची प्रत बीईओच्या ऑफिसात देऊन पोच घ्यायची. अर्ज कन्नडात लिहिलेला बरा, तिथे शेजारच्या एखाद्या कन्नड काकांची मदत होते. अर्जात मंजूर पदं किती, भरलेली किती आणि कलम २६ या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. पदांचा आकडा मुख्याध्यापकांकडे असतो. नाही दिला तर माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येतो.