आकडा बदलला की रंग बदलणारं पान

पावसाळ्यात कोल्हापुरात एकच चौकशी असते: "राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट?" ३९ फूट ही पंचगंगा नदीची इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ आहेत.

आता हीच पातळी दाखवणारं वेबपान बनवायचंय असं धरा. दर तासाला हातानं रंग बदलत बसायची गरज नाही. वेबफ्लोसारख्या साइट बिल्डरमध्ये नोंदींचा एक संग्रह करा: वेळ, पातळी आणि रंग. रंगाचं फील्ड चौकटीच्या पार्श्वभूमीला जोडलं, की नोंदीतला रंग आपोआप पानावर उतरतो. इशाऱ्याची पट्टी पातळी ३९ च्या वर असेल तरच दिसावी, अशी अटही घालता येते.

मला सगळ्यात आवडतो तो सीएसएस व्हेरिएबलचा मार्ग. पातळीचा आकडा एम्बेडमधून व्हेरिएबलमध्ये द्यायचा, ६० फूट म्हणजे पूर्ण पट्टी असं धरून त्याला ६० नं भागायचं आणि पट्टीची उंची टक्क्यांत काढायची. ४३ फुटांना पट्टी जवळपास ७२ टक्के भरते. डिझाइन एकदाच करायचं, पुढे फक्त आकडा भरायचा!

एक कळकळीची विनंती: नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसंही हे पान उघडतात. रंगाशेजारी 'इशारा', 'धोका' असे शब्द ठळक लिहा. पिवळ्यावर पांढरी अक्षरं तर अजिबात नकोत, भर पावसात मोबाइलवर ती वाचताच येत नाहीत.